कोटाचे दोन खिसे

थंडी सगळ्यात आधी करंगळीला धरते. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, बदलापूर-अंबरनाथ रस्त्यानं शिकवलं. आधी करंगळी, मग तिची शेजारीण, आणि अंगठा सगळ्यात शेवटी. अंगठा म्हणजे घरातला कर्ता पुरुष, सगळे गारठले तरी त्याचं आपलं बरं चाललेलं. आणि टायपिंगला अंगठ्याचं काम काय, तर नुसती जागा सोडायची. कष्टाचं सगळं त्या मेल्या करंगळीवर.

लोक हसतात. म्हणतात, बदलापूरला कसली आलीय थंडी, काश्मीर लागून गेलंय का? त्यांनी जानेवारीत पहाटे साडेपाचला उल्हास नदीच्या कडेनं एकदा सायकल चालवून दाखवावी. तीही लोखंडी हँडलची, डाव्या मुठीचं रबर फाटलेली. मग बोलावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांची, बारावी पास, आणि घरात बसलेली. आमचं दोन खोल्यांचं घर बदलापूर गावात, नदीच्या अंगाला. बाबा अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होते. माझ्या पाठीवर दोन बहिणी. घरात सायकल एकच, काळी, मोठी, मध्ये दांडा असलेली. बाबा दर रविवारी तिला रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे. तेवढ्या प्रेमानं त्यांनी आमच्या कुणाच्या तोंडावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही.

मे महिन्यात आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आणि तिचा शब्द म्हणजे आमच्याकडे सरकारी हुकूम. पाय धुऊन ती आत आली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाली, "पाठीवर दोन बसल्यात. हिला कुठवर ठेवणार? पुढच्या उन्हाळ्यात उरकून टाक."

उरकून टाक! जणू मी म्हणजे पापड-कुरडया. मी भांडले. ताट पुढ्यातनं ढकललं, रडले, म्हटलं मला नोकरी करायचीय, माझ्या पायावर उभं राहायचंय, मला नाही इतक्यात कुणाच्या घरी जायचं. तीन दिवस बाबा मान खाली घालून जेवले आणि कामावर गेले. आई त्यांच्याकडे बघायची, मग माझ्याकडे, मग चुलीकडे. चौथ्या दिवशी जेवता जेवता बाबा म्हणाले, "टायपिंग कर. जानेवारीत सरकारी परीक्षा असते. पास झालीस तर नोकरीचं बघू, लग्नाचं मागं ठेवू. नापास झालीस तर मग आत्या म्हणेल ते. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

"सायकल ने माझी."

मला वाटलं, जिंकले. बाबांनी सायकल देणं म्हणजे काय चेष्टा होती? रात्री मी दोन्ही बहिणींना गुदगुल्या करून करून हसवलं.

क्लास अंबरनाथला होता, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. मराठी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द. बॅच दिवसभर होत्या, पण मला सकाळी साडेसहाचीच घेता यायची, कारण सायकल सव्वाआठच्या आत घरी पाहिजे. मी सायकल अंबरनाथला न्यायची, तासभर बडवायचं, परत बदलापूरला आणायची, आणि मग बाबा तीच सायकल घेऊन परत अंबरनाथला कामावर जायचे. सायकल बिचारी रोज दोनदा तोच रस्ता करायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, की बाबा, तुम्हीच मला सकाळी सोबत न्या, मी तिथंच दिवसभर थांबते, दुपारच्या मोकळ्या मशीनवर सरावही होईल. आई म्हणाली, "आणि पाणी कोण भरणार? डबा कोण करणार? धाकट्यांची शाळा कोण बघणार?" खरंच होतं. मी सव्वाआठला दारात पाय ठेवला की हंडा हातात यायचा. मुलगी शिकायला जाते आणि परत येते, यात घरातलं काही हलता कामा नये, एवढी साधी अट होती. गोठ्यातल्या गायीला सुद्धा दावं थोडं लांब सोडतात.

पावसाळा सरला, दिवाळी सरली. ऑक्टोबरात माझा स्पीड सव्वीसला पोचला. सर म्हणाले, "छान. जानेवारीपर्यंत तीसच्या वर जाशील." सर म्हणजे बारीक अंगाचे, मफलर गुंडाळलेले, बोलायला तिखट, पण शिकवायला सोन्यासारखे. मीही हवेत. आणि मग डिसेंबर लागला.

डिसेंबरात माझा स्पीड अठरावर आला.

कारण सरळ होतं. आठ किलोमीटर गार वारा खाऊन मी मशीनसमोर बसायचे तेव्हा बोटं माझी नसायचीच. करंगळी खाली जायची, पण अक्षर उमटायचं इतकं फिकट की जणू कुणी कानात कुजबुजलंय. एका बोटानं दोन कळा दाबल्या जायच्या, अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या. अर्धा तास बोटं सुटायला लागायचा आणि सुटली की घड्याळात सव्वासात. मग मी घाईघाईनं पंधरावीस मिनिटं धड टाइप करायचे, की निघायची वेळ. सर मागे येऊन उभे राहायचे. "बोटं आहेत का काड्या?" मी म्हणायचे, "सर, थंडी." ते म्हणायचे, "थंडी परीक्षकाला सांग."

मग सुरू झाले उपाय. पहिल्यांदा हँडलला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. ती दवानं भिजली आणि वर आणखी गार पडली. मग एक हात काखेत, एक हँडलवर, असं आळीपाळीनं. त्यात वडवली गावाच्या अलीकडे खड्डा चुकवताना मी सरळ शेतात. गुडघा फुटला, सलवार फाटली, ते घरी कळू न देता शिवलं. कळलं असतं तर सायकल बंद झाली असती.

मग बाबांचे लोकरीचे मोजे हातात घातले. ऊब होती हो छान! पण मोज्यातल्या हाताला ब्रेक कुठे सापडतोय? समोरनं दूधवाला आला, मी ब्रेक समजून घंटी दाबली आणि जाऊन त्याच्या कॅनवर. दूध सांडलं नाही हे नशीब. पण त्यानं मला जे सुनावलं, ते मी पुढे सासरी बऱ्याच वेळा मनातल्या मनात वापरलं. "हातात पायमोजे घालून कुठं निघालीस, डोकं पायात घालून?" असं काहीसं ते होतं, बाकीचं लिहिण्यासारखं नाही.

 एक दिवस निघताना आईनं चुलीतलं एक गरम रताळं फडक्यात बांधून माझ्या स्वेटरच्या खिशात सारलं. "थांबशील तिथं हात घाल," म्हणाली. मी दोनदा थांबायचे, एकदा चढाला आणि एकदा रेल्वेच्या फाटकाला. रताळ्याभोवती हात धरून उभी राहायचे. दोन मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा हँडल, पुन्हा वारा. आणि थांबलेल्या दोन मिनिटांनी पोचायला उशीर. काही करा, कुठूनतरी वेळ जायचाच. मी रस्त्यात मोठमोठ्यानं रडायचे त्या दिवसांत. कुणी नसायचं ऐकायला. रडताना डोळ्यांतलं पाणी गरम असतं, ते हातांना लावावं असा सुद्धा विचार यायचा, एवढी मी वेडी झाले होते.

माझी मावशी उल्हासनगरला राहायची, फाळणीनंतरच्या सिंधी छावणीच्या पाच नंबरच्या वस्तीत, म्हणजे कॅम्प पाचला. आईची धाकटी बहीण. जीन्सच्या एका कारखान्यात ती पँटचे लूप शिवायची, ज्यातून पट्टा जातो ते. मराठी, हिंदी, सिंधी सगळं एकाच वाक्यात बोलायची आणि कशालाच घाबरायची नाही. एका रविवारी मी आईबरोबर तिच्याकडे गेले आणि माझे भेगाळलेले हात बघून ती किंचाळली. "अगं बाई, हे हात आहेत का चप्पल? रुक, मी करते कायतरी."

पुढच्या रविवारी तिनं हातमोजे दिले. दुकानात मिळणार नाहीत असले. जीन्सचं जाड कापड बाहेरून, आत जुन्या कांबळ्याचा तुकडा, पाच बोटं वेगवेगळी, आणि कडेनं दुहेरी नारिंगी शिलाई. अगदी पँटला असते तशी. मनगटाला तिनं एकेक लूपसुद्धा लावला होता. मी म्हटलं, "मावशी, हा कशाला?" ती म्हणाली, "सवयीनं लागला हाताला, राहू दे, चांगला दिसतो."

दुसऱ्या दिवशी मी ते घालून निघाले आणि अंबरनाथ आलं तरी मला कळलं नाही की आलं. ब्रेक लागत होता, घंटी वाजत होती, वारा बाहेरच्या बाहेर. मी जिना धावत चढले. मशीनवर बसले, हातमोजे काढले आणि थेट चोवीस शब्द! सरांनी घड्याळ बघितलं, कागद बघितला, आणि मग माझे हात बघितले.

"हे काय?"

हात निळे होते. शाई सांडल्यासारखे नाहीत, मुरलेले निळे. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा, सगळं. आणि कागदाच्या डाव्या कडेला, जिथं मी तो मशीनमध्ये सरकवला होता, तिथं अंगठ्याचा एक निळा ठसा, पार रेघारेघांसकट.

मी हसायला लागले. सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "हे बघ. सरकारी परीक्षा आहे. पेपरवर नाव लिहायचं नसतं, कसलीही खूण करायची नसते. नंबर सोडून कागदावर काही दिसलं, की तपासणाऱ्याला वाटतं की ओळख पटावी म्हणून मुद्दाम केलंय. सरळ बाद करतात. असा ठसा उमटला तर तू तीस सोड, पन्नास शब्द मारलेस तरी घरी."

रोज साबणानं घासलं, लिंबानं घासलं, राखेनं घासलं. निळं फिकं व्हायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच. हातमोजे घातले तर बोटं चालतात पण पेपर बाद. नाही घातले तर पेपर स्वच्छ पण बोटं बंद. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी मावशीकडे गेले आणि हात तिच्या नाकासमोर धरले. "मावशी, रंग जातोय!"

"कुठं जातोय?" तिनं आपले हात माझ्या हातांशेजारी धरले. तिचे माझ्यापेक्षा निळे. अकरा वर्षं तिनं ते कापड हाताळलं होतं. निळे हात म्हणजे तिच्या लेखी नुसते हात. "आणि असला तर असला निळा. आपलाच रंग आहे तो." भिंतीवरच्या तसबिरींकडे आणि त्यांच्याखालच्या निळ्या झेंड्याकडे बोट दाखवून ती हसली. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं.

मी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. जीन्स कोऱ्या कापडाची शिवतात, आणि मग पूर्ण पँट दुसऱ्या कारखान्यात धुवायला जाते, रंग तिथं निघतो. मावशीच्या हातात आयुष्यभर आलं ते कोरं कापडच. धुतलेली पँट तिनं शिवणाऱ्याच्या नजरेनं कधी बघितलीच नव्हती. "फिकर नॉट," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता धुते." मिठाच्या गरम पाण्यात तिनं ते बुडवले, तीनदा पाणी बदललं, तिन्ही वेळा निळंशार झालं. चौथं जरा बरं निघालं. दोन दिवस तिच्या बराकीच्या दोरीवर ते लटकले, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतः ते घेऊन बदलापूरला आली.

मी हात घातला. बोटं अर्ध्यातच अडली. कापड आटलं होतं.

मावशी जमिनीवर बसली. "पँटला आम्ही आटण्याचं धरून कापतो गं," ती म्हणाली, "दर पँटीला धरतो. तुझ्या हाताला धरायचं विसरले." आणि रडायला लागली. मला इतका राग आला होता की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं ते हातमोजे उचलले, घातले आणि दोन्ही हात वर करून नाचवले. तिला अगदी मापात बसले.

बाबा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. परीक्षेचं केंद्र उल्हासनगरातच, कॅम्प तीनला, एका शाळेत होतं. म्हणजे अंबरनाथ ओलांडून, कॅम्प पाच, कॅम्प चार ओलांडून, पुढे. सकाळी आठला पेपर. तेरा किलोमीटर गारठ्यात हँडल धरून माझी बोटं तिथं कशी पोचणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. बाबा खाकरले. "मी सोडतो. अर्धा दिवस रजा टाकतो."

मी वर बघितलं. बाबांनी रजा टाकलेली मी ताप आल्यावरसुद्धा बघितली नव्हती. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, हा माणूस माझ्या बाजूचा आहे, आपल्यालाच कळलं नाही.

सकाळी सहाला निघालो. बाबांकडे एक जुना खाकी कोट होता, जाड, गुडघ्यापर्यंत आलेला, बाजूला दोन खोल खिसे. आईनं दोन्ही खिशांत एकेक गरम रताळं टाकलं. "दोन्हीकडे पाय टाकून बस," बाबा म्हणाले, "लाजू नको. आणि हात घाल खिशात. काढू नको."

मी कॅरिअरवर बसले आणि मागून दोन्ही हात त्या खिशांत घातले. आहाहा! ती ऊब आजही मला हातांना आठवते. दोन्हीकडे रताळी, बाहेरून जाड कापड, आतून बाबांचं अंग. धुकं इतकं होतं की डायनमोचा उजेड हातभर पुढे जाऊन संपायचा. मी तोंड त्यांच्या पाठीला टेकवलं. कोटाला ग्रीसचा आणि विडीचा वास. मी मनातल्या मनात पत्राचा मायना टाइप करत होते, खिशात बोटं हलवून. करंगळीसुद्धा हलत होती, अगदी मऊ. मला वाटलं, होतेय मी पास.

बाबांच्या हातात काही नव्हतं. उघड्या हातांनी ते हँडल धरून होते.

अंबरनाथ आलं. कारखान्यांचा तो आंबट वास सुरू झाला. पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून जात होती. तिथं चढ संपतो, बाबांना दम खायला जरा सवड मिळाली आणि ते बोलले. पुढे बघत, मोठ्यानं, वाऱ्यातून ऐकू यावं म्हणून.

"घाबरू नको पेपरला. आणि ऐक, तुला सांगितलं नाही अजून. आत्यानं स्थळ पक्कं केल्यासारखं आहे. मुलगा सरकारी नोकरीत आहे. त्या लोकांना टायपिंग पास मुलगीच पाहिजे म्हणाले, मेमध्येच बोलणं झालं होतं. म्हणून तर तुला सायकल दिली. तेव्हा नीट दे. पास झालीस की उन्हाळ्यात करून टाकू."

मला आधी कळलंच नाही. मग एकेक शब्द कळला. मेमध्येच. म्हणून तर सायकल दिली.

म्हणजे मी भांडले, ताट ढकललं, जिंकले, ते सगळं त्यांनी नुसतं बघितलं होतं. आठ महिने मी पहाटे उठून, शेतात पडून, दूधवाल्याच्या शिव्या खाऊन, हात निळे करून जी वाट काढत होते, ती आत्यानं दाखवलेल्या दारातच जात होती. पास झाले तर हे स्थळ. नापास झाले तर दुसरं कुठलंतरी. उन्हाळा दोन्हीकडे तोच.

मी हात खिशातून काढले.

वारा चावला. मी दोन्ही हात हवेत धरले, बाजूला, पाखरं पंख धरतात तसे. म्हटलं, गोठू दे. एक बोट हलता कामा नये. परीक्षेत एक ओळ उमटता कामा नये. त्या लोकांना टायपिंग पास पाहिजे ना? घ्या मग, नापास घ्या! कॅम्प पाचचा नाका आला. करंगळी गेली. तिची शेजारीण जायला लागली. मावशीच्या गल्लीचं तोंड मागं गेलं, बाजूच्या गटारात जीन्स धुतलेलं निळं पाणी वाफाळत होतं. मला एवढंच दिसत होतं की माझ्या हातांचं मला पाहिजे ते करायला मी आज पहिल्यांदा मोकळी आहे, आणि ते काय, तर त्यांना मारून टाकणं.

बाबांना खिसे हलके लागले असावेत. "हात का काढलेस?" ते ओरडले. "गारठतील! घाल आत!"

मी हात तसेच धरून ठेवले. कॅम्प चार आलं. दुकानांची शटर बंद, एक चहावाला स्टोव्हला पंप मारत होता. मी हात बघितले. पांढरे पडले होते, नखांच्या कडांना मावशीचा निळा रंग अजून शिल्लक. आणि मला एकदम सव्वीस आठवले. ऑक्टोबरातले माझे सव्वीस शब्द. ते आत्याचे नव्हते. त्या लोकांचेही नव्हते. ती सगळी पोरगी त्यांनी मेमध्येच देऊन टाकली होती, एवढे शब्द सोडून. आणि आता तेही मी आपल्या हातांनी रस्त्यावर टाकत होते.

मी हात परत खिशात घातले. रताळी अजून गरम होती. मी ती इतकी घट्ट दाबली की एक फुटलं.

शाळेच्या फाटकाशी बाबांनी पाय टेकले. उतरले, आणि त्यांना हँडल सोडवेना. बोटं वळलेलीच राहिली होती. मी बघत होते. त्यांनी एक हात दुसऱ्यानं सोडवला, मग दुसरा. माझं परीक्षेचं कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं आणि कोटाचं बटण त्यांना निघेना. ते कसनुसं हसले, हात माझ्यापुढे धरले. "बघ, तुझ्या बापाची करंगळी गेली. चोळ जरा."

माझे हात गरम होते. गरम, मऊ, रताळ्यानं चिकट झालेले. मी त्यांचं बटण काढलं, कार्ड घेतलं, ओढणीला हात पुसले आणि आत गेले. चोळले नाहीत.

पेपर कसा गेला हे सांगण्यासारखं नाही, कारण मला आठवतच नाही. घंटा झाली, मी सुरू केलं, घंटा झाली, मी थांबले. आमच्या क्लासची मशीनं टेम्पोतून तिथं आली होती, माझंच मशीन माझ्या वाट्याला आलं एवढं आठवतं. कागद स्वच्छ होता. मी उजेडाकडे धरून बघितला, एक बोट कुठे दिसत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा कडक ऊन पडलं होतं. बाबा भिंतीशी उकिडवे बसून न फुटलेलं रताळं खात होते. "झालं?" "झालं." परत येताना मी हात मांडीवर ठेवले. कोट त्यांनी काढून हँडलला अडकवला होता.

मी पास झाले. मेमध्ये लग्न झालं, त्याच लोकांत. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, स्पीड किती, आणि माझ्या आधी बाबा म्हणाले, तीस! इतक्या ऐटीत, जणू स्वतः मारलेत. नोकरी मला करू दिली नाही, सहा वर्षं नाही. पुढे ज्या भांडणांनी मिळाली त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल. माझा स्पीड नंतर चाळीस झाला, ते कुणी विचारलं नाही.

नव्वदचं दशक संपताना बाबा निवृत्त झालेले, थकलेले, एका डिसेंबरात माझ्याकडे चार दिवस राहायला आले. मी कामावरून आले तर ते ओट्यावर बसलेले, हात काखेत. म्हणाले, आता जरा वारा लागला की बोटं पांढरी पडतात. मी शेजारी बसले, त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि चोळायला लागले. लाकडासारखी बोटं. आणि चोळता चोळता माझ्या तोंडून निघालंच, अकरा वर्षं आत धरलेलं. "बाबा, त्या दिवशी सायकलवर ते तुम्ही मला का सांगितलंत? निदान पेपर होऊ द्यायचा."

 त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय. मग आठवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, माझ्या खिशात तुझी बोटं थरथरत होती," ते म्हणाले. "मला वाटलं, पोर पेपरला घाबरलीय. म्हटलं सांगून टाकावं सगळं चांगलं ठरलंय म्हणून, म्हणजे तुला जरा धीर येईल. आला ना धीर? पास झालीस की."

मी त्यांची करंगळी दोन बोटांत धरली होती. ती अजून गारच होती. मी म्हटलं, "हो बाबा," आणि चोळत राहिले.